शुक्रवारी जेवायला या

आता माझी ही फजिती ऐकायची असेल, तर आधी हातातला कप खाली ठेवा. नाहीतर चहा सांडेल आणि त्याचाही दोष मलाच द्याल!

फुटबॉल वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी आम्ही कतारला, दोहातल्या बिन महमूद भागात राहायचो. समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीच्या नजमाभाभी. स्टेडियमचं काम संपलं तशी त्यांच्या नवऱ्याची, इक्बालभाईंची नोकरी गेली. म्हणून भाभींनी घरून डबे द्यायचं ठरवलं. डबे चालले नाहीत, तर मुलांची शाळा सोडवून सगळ्यांनी गावी परतायचं. फार वाईट वाटायचं हो.

भाभींकडे एक वही होती. फूड फेअरमध्ये त्यांच्या स्टॉलवर खाऊन खूश झालेल्यांनी त्यात आपापले ई-मेल लिहून दिले होते. मी पडलो तिथल्याच मुशैरिब भागातल्या ऑफिसातला मार्केटिंगवाला! म्हटलं, "भाभी, मेल मी लिहितो."

त्यांनी कागद पुढे केला. मेनू, दर, फोन नंबर.

"छे! हे लाइटबिल वाटतं. मेल कसा, घरच्या माणसानं लिहिल्यासारखा हवा."

आणि लिहिला की फर्ड्या इंग्रजीत! सब्जेक्ट लाइन, 'शुक्रवारी जेवायला या.' आत, 'घर तुमचंच आहे, मुलांनाही आणा.' दर काढून टाकले, रसभंग होतो ना! खाली भाभींच्या फ्लॅटचा पत्ता.

आता मला सांगा, आपण उठसूट 'या एकदा जेवायला' म्हणतो. येतं का कुणी? समोरचा 'येऊ की' म्हणतो, विषय संपतो. पण वहीतली माणसं आपल्याकडची थोडीच होती!

शुक्रवारी दुपारी भाभींची बेल वाजली. दारात केक घेऊन फिलिपिनो नर्स. मागोमाग इजिप्तचे इंजिनिअर, बायको, चार मुलं. लिफ्ट नुसती माणसं ओतत होती!

भाभींनी मला बोलावून स्वयंपाकघरात उभं केलं. "भाऊ, काय लिहिलंत तुम्ही?"

"मी... मी सांगतो त्यांना, डबे विकायचे आहेत म्हणून."

"खबरदार! जेवायला आलेल्या माणसाला दर सांगू?"

आठवडाभराच्या डब्यांसाठी आणलेलं सगळं मटण त्या दुपारी शिजलं. इक्बालभाई हसतमुखानं वाढत होते, मी भांडी घासत होतो. रिकामा फ्रीज बघून भाभींनी पदरानं डोळे पुसले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी भाभींनी स्वतःच मेल टाकला, चार ओळींचा. रविवारी सकाळपासून फोन थांबेना! नर्सबाईंनी तर मैत्रिणींचेही डबे लावले. मुलांची शाळा वाचली.

मी लगेच कॉलर ताठ केली. "बघितलंत इक्बालभाई, माझ्या मेलची कमाल?"

 भाभींचा मेल उघडून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. शेवटची ओळ होती:

'डबा घरपोच मिळेल, कृपया घरी येऊ नये. मागचा मेल शेजाऱ्यांनी लिहिला होता.'