शंकाताईंचे हात

शंकाताई कोणाचाही होकार पहिल्या खेपेस स्वीकारत नसत. "डिस्टिल्ड वॉटर भरलंय," असे सांगितले, की "कधी? कुणी? झाकण कुणी उघडलं?" असे तीन प्रश्न येत. खारघरच्या ज्या महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो, तिथल्या प्रयोगशाळेत त्या कंत्राटी सहायक होत्या. त्यांचे खरे नाव निराळे. हे आम्हा प्राध्यापकांनी ठेवलेले, आणि त्यांना ते ठाऊक होते. एकदा माझ्या सहकाऱ्याने विचारले, "ताई, घरचा चहा तरी विश्वासानं पिता ना?"

"दूध कुणी आणलंय त्यावर हाय," त्या म्हणाल्या.

त्यांच्या संशयाला शास्त्राचा आधार होता. पेशी प्रथिने कशी घडवते हे मी फळ्यावर तासभर शिकवीत असे; त्या बाटल्या पुसता पुसता विद्यार्थ्यांना दोन मिनिटांत सांगत. "मूळ कागद म्हंजे डीएनए. तो कपाटाबाहेर येत नाय. बाहेर येतो त्याचा निरोप, आरएनए. रायबोसोम तो तीन-तीन अक्षरांनी वाचतो आन् एकेक मणी ओवत जातो. माळ झाली की घडी पडते, झालं प्रथिन. पण रायबोसोम लई भोळा. येईल तो निरोप खरा धरतो. म्हणून शंका आपण घ्यायची."

हा निरोप फार नाजूक असतो. माणसाच्या त्वचेवर त्याचे तुकडे करणारे द्रव्य असते. एका बोटाचा स्पर्श पुरतो. म्हणून ताई हातमोज्यांचे दोन जोड चढवीत आणि दाराच्या कडीला हात लागला तरी वरचा बदलीत. मला म्हणत, "सर, मोजा घातला म्हंजे हात सोवळा झाला असं नसतं." मला तो आगाऊपणा वाटे.

त्या वर्षी आम्ही एक प्रयोग बसवीत होतो. नळीत पेशींचा अर्क घ्यायचा, त्यात आरएनए सोडायचा, आणि हिरवे चमकणारे प्रथिन तयार होताना विद्यार्थ्यांना दाखवायचे. तीन आठवडे एकही नळी चमकली नाही. तपासले, तर आरएनएचा चुरा झालेला. कोणाचा तरी हात लागत होता. त्या बाकावर आम्ही तिघे काम करीत असू: मी, माझे सहकारी आणि ताई. मी ताईंवर नजर ठेवू लागलो. एके दिवशी त्या बेसिनपाशी उघड्या हातांनी उभ्या दिसल्या.

"ताई, मोजे कुठे?"

"पुरळ आलंय सर. मलम लावून नवे घालते. बघा ना."

मी पाहिले नाही. प्राचार्यांना मात्र लिहून कळवले, की सहायकांच्या निष्काळजीपणामुळे प्रयोग फसत आहे. कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. ते पुढे वाढले नाही. जाताना त्या दारात थांबल्या.

"पुरावा काय, सर?"

"शक्यता तीच दिसते."

"शंका मीबी घेते. पण घेतली की तपासते."

त्या गेल्या, तरी नळ्या अंधारातच राहिल्या. पुढे वर्गासाठी मी त्याच प्रयोगाचे चित्रण केले आणि घरी ते पाहत बसलो. मोजा घातलेले माझे बोट नाकावर घसरलेला चष्मा वर सारत होते आणि तिथून थेट नळ्यांच्या झाकणांकडे जात होते. एकदा नव्हे, चार वेळा; मी मोजले.

तिघांपैकी एकाच व्यक्तीच्या हातांवर माझा संशय का गेला, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नव्हते. ताई मराठवाड्यातल्या बौद्ध कुटुंबातल्या. माझ्या लहानपणी आमच्या घरात माठापर्यंत कोणी यायचे आणि कोणी ओसरीवर थांबायचे, हे न बोलता ठरलेले असे. ते घर मी कधीच सोडले, अशी माझी समजूत होती.

ताई सीवूड्सच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागल्याचे कळले. मी गेलो. त्यांनी बसा म्हटले नाही. "चूक माझी होती," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी फोनवर ते चित्रण दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले. "पाच वेळा," त्या म्हणाल्या. "शेवटचं तुमी मोजलं नसंल." मग कोरा कागद पुढे केला. "आरोप लेखी होता, सर."

मी प्राचार्यांच्या नावे तिथेच लिहिले: 'माझ्याकडून अनवधानाने त्यांच्यावर अन्याय झाला.' त्यांनी सावकाश वाचले आणि एका शब्दावर पेनाचे टोक ठेवले.

"अनवधानाने? महिनाभर रोज माझ्यावर नजर ठेवून होता की."

मी तो शब्द खोडू लागलो. "खाडाखोड नको," त्या म्हणाल्या, आणि दुसरा कागद दिला. त्यावर मी ते वाक्य त्या शब्दाशिवाय लिहिले. त्यांनी माझी सही तपासली, प्रत काढून ठेवली आणि पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले.

पत्र वाचून प्राचार्यांनी त्यांना परत कामावर बोलावले. त्या आल्या नाहीत.