इस्तारीचं ओलं जाळं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलजवळच्या आमच्या गावात तलावातल्या मासेमारीवर जगणारी ढिवरांची पन्नासेक घरं. त्यांत इस्तारी शेंडे जाळं विणण्यात पहिला आणि बोलण्यात शेवटचा. चार माणसं जमली की हा मागे जाऊन बसायचा. अशा माणसाला पुढे भाषणाला बोलावणी येऊ लागली. ते कसं झालं, हे मात्र गावात कुणी आनंदानं सांगत नाही.

ब्याण्णवच्या थंडीत इस्तारी नागभीडकडे बहिणीच्या गावी गेला. तिथं मासेमारी होती म्हणून जाळंही नेलं. तिथल्या मरळ माशांच्या अंगावर लाल जखमा होत्या. खेकड्यानं धरलं असेल, असं सगळे म्हणाले. ओलं जाळं खांद्यावर टाकून तो परतला आणि दुसऱ्या सकाळी त्यानं ते आपल्या तलावात फेकलं.

पंधरा-वीस दिवसांत आमच्या तलावातही मासोळ्या कुजू लागल्या. काठाला मेलेल्यांचा थर साचला. मूलच्या बाजारात आमच्या बायांच्या टोपल्यांकडे कुणी पाहीना. मग कुणीतरी गिरजाबाईचं नाव घेतलं. ही एकटी राहणारी विधवा, रोज तलावाच्या पाळीवर दिवा ठेवायची. "तिनंच तलावाले करणी केली," असं ठरलं. आधी तिचं विहिरीवरचं पाणी बंद झालं. मग एका दुपारी लोकांनी तिच्या घराच्या छपरावरचे कवेलू ओढून काढले. इस्तारी त्या गर्दीत होता. त्यानं कवेलूला हात लावला नाही, पण कुणाला अडवलंही नाही. गिरजाबाई गाठोडं घेऊन लेकीच्या गावी निघून गेली.

महिन्याभरानं मूलला सभा झाली. माशांच्या रोगावर बोलायला तज्ज्ञ आले होते. एकानं यंत्रावरून भिंतीवर चित्रं दाखवली, पण अर्धे शब्द इंग्रजी. लोक जांभया देत होते. तेव्हा त्यांच्यातल्याच एका वयस्क डॉक्टरबाईंनी यंत्र बंद करायला लावलं आणि साध्या भाषेत सांगितलं, "आजारी तलावातलं ओलं जाळं दुसऱ्या तलावात गेलं, की रोगही त्याच्यासोबत जातो."

मागून इस्तारीनं विचारलं, "बाई, जाळं वाळवलं असतं तं?"

"कडक उन्हात चार दिवस वाळवलं असतं, तर बहुतेक तलाव वाचला असता."

इस्तारी उभा राहिला. "मंग गिरजाबाईनं काई नाई केलं. माह्या जाळ्यानं केलं. मीच आनला रोग."

शेजारच्या मुखरूनं त्याचा सदरा ओढला. "बस खाली! कोनी इचारलं तुले?"

पण तो बसला नाही. नागभीडपासूनचं सगळं सांगून झाल्यावरच बसला.

दुसऱ्याच दिवशी बायको इंदिराबाईला घेऊन तो गिरजाबाईकडे गेला. ती अंगणात खाटेवर पडून होती, अंगात ताप.

"बाई, गावाले चला. घर मी बांधून देतो."

"घर बांधशीन रे. पन ज्यायनं कवेलू काढले, त्यायच्याच हातचं पानी पिऊ का मी?" मग तिनं विचारलं, "तू होता ना तिथी?"

"होतो."

तिनं कूस बदलली. इंदिराबाई तिचे पाय चेपत बसली. आषाढात ती गेल्याची खबर आली.

त्यानंतर इस्तारी गावोगाव फिरला. या तलावाचं जाळं त्या तलावात टाकू नका, उन्हात वाळवा, पाण्यात चुना टाका, हेच सांगायचा. मूलकडच्या दोन तलावांनी ऐकलं, ते वाचले. आमच्या गावात मात्र काही घरं वर्षानुवर्षं त्याच्याशी बोलली नाहीत. मुखरूनंही त्याच्या अंगणात पाय ठेवणं सोडलं.

दोन हजार तीनला त्या डॉक्टरबाईंनी त्याला चंद्रपूरच्या एका परिषदेत बोलावलं. छापील पत्रिकेत 'तज्ज्ञ वक्ते' या मथळ्याखाली, दोन डॉक्टरांच्या मधे त्याचं नाव होतं. मी सोबत गेलो होतो. जाळं, ऊन, चुना हे त्यानं सावकाश, नीट सांगितलं. मग म्हणाला, "आमच्या गावात एक बाई होत्या..."

पाण्याचा पेला तसाच ठेवून तो माइकपासून बाजूला झाला. भाषण संपलं असं समजून सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

नंतरही तो पुष्कळ ठिकाणी बोलला. मी ऐकलं तेवढ्या वेळा त्या वाक्याच्या पुढे तो कधी गेला नाही.