पाचव्या झेपेला खाल्ला

साप जेवतो, कात टाकतो, अंडी घालतो, म्हणजे तो मजेत आहे, असं तुम्हालाही वाटतं का? आमच्या अमेरिकेतल्या मिसूरीत साप विकणारा प्रत्येक जण गिऱ्हाइकाला हेच ऐकवतो. मीही एकदा ते ऐकून अजगर घेतला होता. त्याची मान मरेपर्यंत मळसूत्रासारखी पिळत राहिली. तेव्हापासून सापांच्या विक्री-प्रदर्शनाच्या दारात निषेधाची पाटी घेऊन उभी राहते. लोर्ना प्रुइट मला तिथेच भेटली.

लोर्नाने एकोणीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांचं जेवण रांधलं. गुडघे गेले तेव्हा नोकरी सोडली आणि गॅरेजात साप वाढवायला लागली. भिंतीला लागून कपाटं, कपाटांत नव्वद खण, प्रत्येक खणात खाली वर्तमानपत्र, पाण्याची वाटी आणि एक बॉल पायथन. अजगर म्हटल्यावर बकरी गिळणारं धूड डोळ्यासमोर आणू नका. हा दोन-तीन हात लांबीचा, मूळचा आफ्रिकेतला, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा.

या धंद्यात साध्या तपकिरी अजगराला कुत्रं विचारत नाही. पैसा रंगात. नवा रंग निघाला की पहिला माणूस एका पिल्लात गाडी घेतो. मग घेणारे सगळेच त्याची पिल्लं काढतात आणि पाच वर्षांत तोच रंग दोघांच्या जेवणाच्या भावात मिळतो. म्हणून जो तो पुढच्या रंगामागे पळतो. लोर्नाने नोकरीचे साठलेले पैसे घालून ‘कोळी’ नक्षीचा एक नर घेतला. सोनेरी अंग, त्यावर जाळ्यासारख्या काळ्या रेघा. दिसायला देखणा, मान्य करते. पण ती नक्षी आली की मान डुगडुगणं बरोबर येतं. कुणात कमी, कुणात जास्त. दोन्ही वेगळं करणं आजवर कुणाला जमलेलं नाही. आणि लोर्नाची निम्मी कमाई त्या एका नरावर.

मार्चच्या प्रदर्शनात मी तिला दारातच गाठलं. “डुगडुगणारी पिल्लं विकतेस, लाज नाही वाटत?”

“वाटते. आधी बाजूला हो, कॉफी सांडेल,” ती म्हणाली. “आणि भांडायचंच असेल तर टेबलामागे ये. उभ्याने भांडण माझ्या गुडघ्यांना झेपत नाही.”

गेले. तिथे तिची कार्डं पाहिली. पिल्लाबरोबर त्याच्या जेवणाचं कार्ड द्यायची इथे पद्धत आहे. तारीख आणि पुढे ‘खाल्ला’. गिऱ्हाईक तेवढंच बघतं, कारण प्रदर्शनात कुणी साप जेवू घालत नाही. लोर्नाच्या कार्डावर मात्र लिहिलेलं: ‘खाल्ला, पाचव्या झेपेला. उंदीर उजवीकडे, हा डावीकडे.’ शाळेत ताटात वाढलेलं लिहायचं आणि खरकट्याच्या बादलीत गेलेलंही लिहायचं, ही तिची जुनी खोड.

शेजारच्या टेबलावरचा वेंडेल स्ट्राउड वाकून म्हणाला, “लोर्ना, हे कार्ड आहे की तक्रारअर्ज?”

“झालं ते लिहिलंय.”

“माझ्या पिल्लांचेही नेम चुकतात. मी लिहितो का?”

“तू लिहीत नाहीस, म्हणून तर माझेच वेडे दिसतात.”

एका बापाने मुलीसाठी पिल्लू उचललं, कार्ड वाचलं, पिल्लू खाली ठेवलं आणि वेंडेलकडून त्याच नक्षीचं घेतलं. त्याच्या कार्डावर नुसतं ‘खाल्ला, खाल्ला, खाल्ला’. दुपारी प्रदर्शनाचा आयोजक आला. म्हणाला, “गिऱ्हाइकं आता सगळ्यांनाच विचारतात, कितव्या झेपेला? सप्टेंबरात चारचौघांसारखी कार्डं आण, नाहीतर टेबल दुसऱ्याला देतो.”

टेबल गेलं की धंदा संपला. गॅरेजात बसलेल्या बाईला कोण शोधत येणार?

“खरं लिहिलं म्हणून हाकलतात? मी दारात असा गोंधळ घालते की बघच,” मी म्हणाले.

“गप गं भोंग्या. तुझ्या घोषणांनी माझं वीजबिल भरलं जात नाही.”

जुलैत अंडी फुटून नवी पिल्लं निघाली. ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेले तर समोर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. दोन कार्डांवर तिने नुसतं ‘खाल्ला’ लिहिलेलं. माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार तोच तिने माझ्या हातात चिमटा दिला. “बडबड नंतर. उंदीर धर.”

धरला. पिल्लाने मान उचलली, ती गर्रकन उलटी झाली. झेप घेतली ती खणाच्या भिंतीवर. दुसरी स्वतःच्याच अंगावर. सहा वेळा. मग त्याने अंगाचा गोळा करून घेतला, आणि उंदीर तसाच राहिला.

लोर्नाने कोरं कार्ड पुढे ओढलं. मग तिने लिहिलं, ‘नाही.’

“खरं लिहून माझी सुटका होत नाही गं,” ती म्हणाली. “वाचणारा पिल्लू परत ठेवतो. पण हे असं जन्माला कुणी घातलं? मीच ना? येत्या थंडीत त्या कोळी नराची जोडी लावत नाही. झाला तो पेन्शनर.”

“मग सगळंच बंद कर. हे खण म्हणजे तरी काय, तुरुंगच.”

“एका वेळी एक भांडण, बाई.”

त्यावर आमचं अजूनही जमलेलं नाही. तिने तीस अजगरांना मोठ्या पेट्या केल्या, साठ अजून खणातच आहेत. मी दर भेटीला ते मोजून दाखवते.

सप्टेंबरात ती फक्त साधे आणि इतर रंगांचे घेऊन बसली. त्यांच्या कार्डांवर लपवण्यासारखं काही नव्हतं, टेबल राहिलं. कमाई निम्म्यावर आली. आता आठवड्यातून तीन सकाळी ती वृद्धाश्रमात नाश्ता रांधते, त्याच गुडघ्यांवर.

राहिली ती डुगडुगणारी तेवीस पिल्लं. वेंडेल म्हणाला, “ठोक विकणारा सगळी उचलेल.” लोर्नाने साफ नाही म्हटलं. तो त्यांच्या जोड्याच लावणार.

म्हणून सांगते, तुम्ही एक पिल्लू न्या. पैसे नकोत. मात्र ते चुकत असताना चिमटा धरून बसायची तयारी ठेवा, आणि त्याची जोडी कधीही लावू नका.