वहिनीच्या कामाचा भाव

डॉलरच्या नोटेला घडी पडली की तिचा भाव उतरतो, हे मला वसईत परत आल्यावर कळलं. स्टेशनजवळच्या चलन बदलून देणाऱ्या दुकानातला माणूस एकेक नोट उजेडासमोर धरत होता, कडा चाचपत होता, आणि कमरेच्या पिशवीत मी शिवून आणलेल्या नोटा वेगळ्या काढत होता. "मॅडम, याला रेट कमी मिळेल. घडी आहे." मी म्हटलं, "अहो, घडी न घालता कमरेला बांधून दाखवा बरं." तो हसला नाही. भावही कमीच दिला.

मोठी रक्कम अर्थात बँकेतून आली. मी इस्रायलमध्ये एका आजारी म्हातारीची देखभाल करायला होते. आमच्या भागातल्या कितीतरी बाया या कामाला जातात. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यावर त्यांच्याच ओळखीने मीही गेले. पगार शेकेलमध्ये मिळायचा. निघताना साठलेल्या शेकेलचे डॉलर केले, डॉलर इथल्या खात्यात पाठवले, ते रुपये होऊन पडले. दरवेळी कोणीतरी मध्ये आपला वाटा कापून घेतला. पण एवढ्या वर्षांत मला एक खोडच लागली होती. दिसेल त्या गोष्टीचा मी मनात भाव काढायचे. तिथे कॉफी पिताना त्या पैशांत इथे किती कोळंबी आली असती ते आठवायचं आणि कॉफी कडू लागायची. परत आल्यावर कोथिंबिरीच्या जुडीचे शेकेल करून मी भाजीवालीसमोर खुळ्यासारखी हसायचे.

याच खोडीने माझं वाटोळं केलं.

आमचं घर होळी गावात. थोडी वाडी आहे, केळी आहेत, पालेभाजी निघते. घरात नवरा, मी, आमची मुलगी, आणि माझी मोठी जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. मोठे दीर फार लवकर गेले. वहिनींना मूलबाळ नाही. माहेर सांडोरला, चार पावलांवर म्हणावं असं, पण त्या कधी तिकडे राहायला गेल्या नाहीत. मी परदेशी गेले तेव्हा मुलगी लहान होती. तिला वहिनींनी वाढवलं. ती त्यांना मोठी आई म्हणते आणि मला नुसतं आई, यात सगळं आलं.

मी गेल्यावर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांचं सगळं अंथरुणातच करावं लागे. ते वहिनींनी केलं, शेवटपर्यंत. सासूबाई गेल्या तेव्हा मी आले नाही. रजा मागितली असती तर मिळाली असती. पण तिकिटाचे पैसे आणि बुडणारा पगार यांचे मी रुपये करून पाहिले आणि रजा मागितलीच नाही. फोनच्या पडद्यावर हात जोडले. शेजारच्या खोलीत माझी म्हातारी, म्हणजे पगाराची म्हातारी, चहासाठी हाका मारत होती.

तर पैसे खात्यात पडले. नवरा म्हणाला, आधी वरची खोली काढू. मी म्हटलं, आधी वहिनींचं. मला माझाच अभिमान वाटत होता. लोक परदेशातून येतात आणि घरच्या बाईला एक साडी देऊन मोकळे होतात, आपण तसं करायचं नाही. आपण हक्काचं द्यायचं. नवरा म्हणाला, "वहिनीला विचार एकदा." मी म्हटलं, "विचारलं तर त्या नकोच म्हणतील." अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण त्या दिवशी ते मला कोणी म्हटलं नाही.

माझी एक मैत्रीण वसईत फ्लॅटमध्ये राहते. तिच्या वडिलांना सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोची बाई येते. मी तिला फोन करून बाईचा दर विचारला. तो दर धरून सासूबाईंच्या आजारपणाचे महिने मांडले. मुलीचं वेगळं मांडलं. बेरीज करून रक्कम वहिनींच्या खात्यात पाठवली.

दुपारी वहिनी ओटीवर अळूची पानं पुसत बसल्या होत्या. फोनवरचा बँकेचा निरोप मुलीने त्यांना वाचून दाखवला. त्यांनी मला हाक मारली.

"बाय, हे एवढं कसलं गं?"

मी खूश होऊन समोर बसले. म्हटलं, "तुमचेच आहेत वहिनी. उपकार नाही हं. मी नीट हिशेब केलाय. आईंचं इतकं केलंत तुम्ही, बाहेरची बाई ठेवली असती तर ब्युरोने जे घेतले असते, तेच धरलेत."

त्यांनी पान उलटं केलं, शीर सोलली. "ब्युरोच्या भावाने?"

"हो."

"आनि पोरीचं?"

"ते वेगळं धरलंय," मी म्हटलं. हे वाक्य मी मोठ्या उत्साहाने म्हटलं. आज लिहितानाही कान तापतात.

वहिनींनी ते पान बाकीच्या पानांवर ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. मला वाटायचं मी हितं घरची हाय. मी कामाला होते तर."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या भांडल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी मी चहा घेत होते, तर माझ्यासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, "भाजी काय करू?" या घरात भाजी काय करायची हे त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून ठरवत आल्यात. मला आधी थट्टा वाटली. पण दुपारी सगळ्यांचं जेवण होईपर्यंत त्या बसल्या नाहीत, आणि नंतर ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात, पाटाशिवाय बसल्या. नवऱ्याला ते पाहवेना. तो उठून वाडीत गेला आणि पाणी दिलेल्या केळींना पुन्हा पाणी देत राहिला. मुलीने मला विचारलं, "मोठी आई अशी का वागते? तू काय बोललीस तिला?" पोरीला कसं कळलं की बोलणारी मीच असणार!

मी वहिनींना म्हटलं, "चुकलं माझं. पैसे मी परत घेते."

"घे की. मग मी फुकटची झाले. एवढी वर्षं तुमच्या घरात फुकट जेवले." त्या हसल्या. "ठेवले तर कामवाली, परत दिले तर आश्रित. तूच सांग, शिकलेली हायेस."

आठवड्याच्या शेवटी त्यांनी पिशवी भरली आणि नवऱ्यासमोर, मुलीसमोर मला म्हणाल्या, "मला सुट्टी पायजेल. माहेरी जाऊन येते."

त्या गेल्या आणि घरात कशाचा कशाला मेळ राहिला नाही. मुलगी माझ्याशी बोलेना. पण मला जे खात होतं ते वेगळंच. माझी तिकडची म्हातारी वारली तेव्हा तिचे डोळे मी मिटले होते. तिच्या मुलीने माझी पै न पै चुकती केली, वर चार पैसे जास्त दिले, हात हातात घेऊन आभार मानले, आणि खोली कधी रिकामी करशील ते विचारलं. वागणं तिचं काही वाईट नव्हतं. पण मी बसस्टॉपवर बसून रडले होते. मला वाटलं होतं, म्हातारी थोडी माझीही होती. मग घरी येऊन मी काय केलं? त्याच मुलीसारखं वागले, आणि तिच्याइतके साधे आभारसुद्धा मानले नाहीत. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं.

मी सांडोरला गेले. वहिनींच्या भावाने केळीच्या बागेकडे बोट दाखवलं. वहिनी तिथे वाळलेली पानं काढत होत्या. मी चिखलातच त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "वहिनी, मला बोला. काय हवं ते बोला. पण घरी चला."

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"आपल्या म्हातारीला शेवटी शेवटी मानसं कळत नव्हती. तुला ठावं हाय, ती कोनाला हाका मारायची?"

मला वाटलं, मोठ्या मुलाला.

"तुला. धाकटी आली का, धाकटी आली का. पानी घेईना माझ्या हातून. म्हनायची, धाकटीच्या हातून पिईन. मग मी खोलीबाहेर जायचे, परत आत यायचे आनि म्हनायचे, आले मी आई, मी धाकटी. मग ती प्यायची. शेवटचं पानीसुद्धा ती तुझ्याच हातून प्यायली." त्या थांबल्या. "त्याचा काय भाव लावलास गं?"

रडायलाही तोंड नव्हतं, तरी रडू फुटलं. सासूबाईंनी माझी वाट पाहिली, आणि मी तिकिटाचे रुपये करत बसले होते. हे वहिनींनी मला कधी सांगितलं नसतं. मी हिशेब मांडला म्हणून सांगावं लागलं.

त्यांनी मला रडू दिलं. पाठीवर हात फिरवला नाही, उठही म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने स्वतःच उठल्या, पाय धुतले, पिशवी घेतली. "चल. पोरगी शाळेतून यायची वेळ झाली."

आम्ही रिक्षा केली. घराच्या वळणावर रिक्षा थांबली. मी सवयीने पर्स उघडली. वहिनींनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट, दुखेल असं. दुसऱ्या हाताने कमरेची पिशवी सोडली. तिच्यात भाजी विकून आलेली मोड होती.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "घरात मोठी कोन हाय? तू का मी?"

"तुम्ही, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी नाणी मोजून रिक्षावाल्याला दिली. तेवढा वेळ माझं मनगट त्यांच्या हातातच होतं.