सूत काढू नका

माझं पहिलं बोन्साय मेल्यानंतरही मी त्याला महिनाभर पाणी घातलं. ते जुनिपर होतं. शहरातल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं होतं, तिथून मी ते हौसेनं उचललं. निळ्या चपट्या ट्रेमध्ये शेवाळ, त्यावर टोपीवाला मातीचा चिनी म्हातारा आणि त्याच्या डोक्यावर वाकलेलं ते झाड. किंमत मी नवऱ्याला आजतागायत खरी सांगितलेली नाही. फेब्रुवारीत आणलं, तेव्हा नाशिकची हवा अशी की वाटावं, इथे काहीही जगेल. मार्च संपता संपता गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येईना, आणि झाड मात्र हिरवंच्या हिरवं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, बघा, उन्हाळ्याला दाद देत नाही.

समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी नुकत्याच राहायला आल्या होत्या. मिस्टर सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, माहेर नामपूरकडचं, कांद्या-द्राक्षांच्या मळ्यातलं. विरजणाला दही मागायला आल्या आणि वाटी हातात घेऊन झाडापाशी थांबल्या. दोन बोटांनी एक फांदी चोळली, तशी पानांची भुकटी झाली.

"ताई, हे गेलंय," त्या म्हणाल्या. "महिना झाला असंल."

जुनिपर मेल्यावरही कित्येक दिवस हिरवं दिसतं, हे मला नंतर कळलं. पण त्या वेळी माझ्याकडे माझी नणंद बसली होती आणि तिच्यासमोर हे झालं. नणंद जे हसली, ते मी अजून विसरलेले नाही. माझं वहिनींशी वाकडं आलं ते तिथून. दही मात्र दिलं. आंबट होतं तेच दिलं.

मग मी रीतसर शिकायचं ठरवलं. ऑफिसातून सुटल्यावर दर शनिवारी एका बाईंकडे बोन्सायच्या क्लासला जायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, जुनिपर-पाइनचा नाद सोडा, आपल्या हवेत वड, पिंपळ, उंबर लावा. ही झाडं भिंतीत जगतात, तुमच्या हातूनही जगतील. हे शेवटचं वाक्य मला उद्देशून असावं असा मला दाट संशय आहे. गंगापूर रोडच्या नर्सरीतून मी एक वड आणला. सरळ, तुकतुकीत, हाताच्या बोटाएवढा जाड. त्याला तांब्याची तार गुंडाळली, मुळं छाटली, वही केली. पंचवटीतल्या माहेरी आमच्याकडे पोथ्या जेवढ्या जपून ठेवत, तेवढी मी ती वही जपत होते.

वहिनींनी काय केलं? आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीत, ड्रेनेजच्या पाइपाजवळ, एक वड उगवला होता. प्लंबर त्याच्यावर अॅसिड ओतणार होता. वहिनींनी त्याला थांबवलं, शिडीवर चढल्या आणि उलथन्यानं भिंतीचा गिलावा खरवडून तो मुळासकट काढला. फुटक्या कुंडीच्या बुडात लावला. खोड कसलं ते, खाली फुगलेलं, वर पिळलेलं. भिंतीनं वर्षानुवर्षं दाबून जे करून ठेवलं होतं, ते माझ्या तारेला जन्मात जमणार नव्हतं. हे मला पाहताक्षणीच कळलं आणि पोटात दुखायला लागलं.

पण त्या विचारायला आल्या. "ताई, तुम्ही क्लास केलाय. मला शिकवा की." आणि मी शिकवलं. कारण शिकवताना मी वर बसत होते आणि त्या खाली. मुळं कधी छाटायची, पानं कधी काढून टाकायची, खत किती, सगळं वहीतून वाचून दाखवलं. त्या लिहून घेत नसत. नुसत्या "हां, हां" करत आणि घरी जाऊन बरोबर तेच करत. झाडाशी बोलत माहेरच्या अहिराणीत. "कसा शे रे भाऊ?" माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू यायचं. माझ्या वडाशी मी बोलत नसे. त्याला मी सूचना देत असे.

पाच-सहा वर्षांत गुरूची विद्या गुरूलाच फळली. त्यांचा वड फूटभर उंच, पण बघावं तर गावाच्या वेशीवर उभा असल्यासारखा. माझा आपला छडीसारखा. मी त्याला फार हलवत होते, फार छाटत होते, हे आता कळतं. तेव्हा वाटायचं, नर्सरीवाल्यानं फसवलं.

मग कुंभमेळ्याआधी रस्ते रुंद झाले आणि त्यात आमच्या कोपऱ्यावरचा मोठा वड गेला. वटपौर्णिमेला कॉलनीतल्या बायका त्यालाच फेरे घालायच्या. आता काय, म्हणून सगळ्या जमल्या. कुणी म्हणालं, बाजारातून फांदी आणू. वहिनी म्हणाल्या, "फांदी कशाला तोडता? माझा हाय ना. खाली पार्किंगमध्ये ठिवते."

एवढ्यात एक भली बाई म्हणाली, "ताईंकडे पण आहे की वड." मी मान वर केली. तर दुसरी लगेच म्हणाली, "नको, तो बारीक आहे. सूत गुंडाळताना मोडायचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं कशाला बोलू?

वटपौर्णिमेच्या सकाळी पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधे, स्टुलावर वहिनींचा वड ठेवला होता. त्याला हळद-कुंकू, पुढे आंबे, चौदा बायका नऊवारीत आणि पैठण्यांत. एकेकीनं सात फेरे घालायचे, हातातल्या गुंडीचं सूत खोडाला गुंडाळत. मीही होते. हाच नवरा जन्मोजन्मी मिळावा, असं मागायचं असतं. पहिल्या दोन फेऱ्यांना मी मागितलंही. तिसऱ्या फेरीला माझं लक्ष त्या खोडाकडे गेलं आणि उरलेले पाच फेरे मी एकच मागणं मागितलं, की हे झाड मरू दे. सावित्रीनं यमाकडून नवरा परत आणला, त्या दिवशी मी त्याच यमाला एका फूटभर वडाचा पत्ता देत होते. वर सूतही जरा ओढूनच गुंडाळलं.

चौदा बायकांचे सात-सात फेरे म्हणजे किती सूत होतं! संध्याकाळी वडाच्या खोडाला प्लास्टर घातल्यासारखं दिसत होतं. वहिनी दारात आल्या. "ताई, हे सूत काढू का? पावसाळा तोंडावर हाय. तुमच्या वहीत काय लिहिलंय?"

माझ्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं, लाल शाईनं, खाली रेघ मारून. पावसाळ्यात खोड भराभर जाड होतं. त्याला बांधलेलं काहीही, तार असो की दोरी, आधी काढावं. नाहीतर ते सालीत रुततं आणि वरचं झाड उपाशी मरतं.

मी म्हणाले, "सूत काढू नका, वहिनी. वडाचं सूत कुणी काढतं का? अपशकुन होतो. आपोआप गळेल तेव्हा गळू दे. उलट रोज त्यावर पाणी शिंपडत जा."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं" म्हणून गेल्या. मी आत येऊन देवापुढे दिवा लावला. पश्चात्तापानं नाही. उत्सुकतेनं.

तो सगळा पावसाळा मी खिडकीत काढला. आषाढात पान पिवळं पडतं का, श्रावणात शेंडा वाळतो का. भाजी निवडायची ती खिडकीत, पेपर वाचायचा तो खिडकीत. नवरा म्हणाला, "समोर काय सिनेमा चालू आहे का?" वडाला मात्र एकामागून एक पालवी फुटत होती, तांबूस, चकचकीत. मी मनाशी म्हणायचे, मरायच्या आधी झाडं असंच करतात. असं वहीत कुठेही लिहिलेलं नव्हतं.

दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून गेले. वहिनींनी हात धरून गच्चीत नेलं. सूत काळं पडून कुजत आलं होतं आणि त्यातून, चहू बाजूंनी, बारीक बारीक पारंब्या खाली उतरल्या होत्या. मऊ, लालसर टोकांच्या, दहा-बारा तरी असतील. ओल्या सुताखाली वडाला मुळं फुटली होती. कुंडीतल्या वडाला पारंब्या याव्यात म्हणून आमच्या क्लासच्या बाई सात वर्षं झटत होत्या. वहिनींनी कोल्ड्रिंकच्या नळ्या चिरून त्यात माती भरली आणि एकेक पारंबी त्यातून खाली मातीपर्यंत नेली. माझ्याच सल्ल्यानं माझंच नाक कापलं गेलं होतं, आणि वर मला तोंडभर हसून आपट्याचं पान द्यायचं होतं.

त्या थंडीत शहरातल्या फुलांच्या प्रदर्शनात वहिनींच्या वडाला पहिलं बक्षीस मिळालं. माझा वडही तिथे होता. त्याच्यापुढे माझ्या नावाची चिठ्ठी होती आणि एका लहान मुलीनं ठेवलेलं अर्धं बिस्कीट. वहिनींना स्टेजवर बोलावलं. माईक हातात दिल्यावर त्या घाबरतील अशी मला आशा होती. त्या म्हणाल्या, "हे माझं काय नाय. आमच्या समोरच्या ताईंनी सांगितलं, सूत काढू नका, पाणी शिंपडा. त्यांच्यामुळं हे झाड हाय." आणि मला वर बोलावलं. टाळ्या पडल्या. आमच्या क्लासच्या बाई पहिल्या रांगेत होत्या. टाळ्या वाजवता वाजवता त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी नजर चुकवून हार गळ्यात घालून घेतला.

त्यानंतर कॉलनीत मी वडाची जाणकार झाले. लोक कुंड्या घेऊन दाखवायला यायचे. मी सांगायचे आणि मनातून जळायचे. कौतुक माझं होत होतं आणि झाड मात्र समोरच्या गच्चीत वाढत होतं. पुढे दर वटपौर्णिमेला वहिनी स्टूल मांडायच्या आणि बायकांना सांगायच्या, "सूत काढायचं नाय हं, ताईंनी सांगितलंय." तो वड बरा वाढावा असं मला कधीच वाटलं नाही. पण एकदा मांजर त्या कुंडीवर चढलं, तेव्हा चप्पल फेकून मीच त्याला हाकललं. का, ते तेव्हा कळलं नाही.

त्यांचे मिस्टर रिटायर झाले आणि वहिनींनी तिकडेच नामपूरजवळ, सासरच्या शेतावर जायचं ठरवलं. टेम्पो भरून झाला. सगळ्यात शेवटी त्या वड घेऊन माझ्या दारात आल्या. पारंब्या आता बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या.

"हा तुमच्याकडं राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिकडं शेतात वडच वड हायेत. कुंडीतल्याला कोण विचारतो?"

मी म्हणाले, "वहिनी, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या वर्षी..."

"सुताचं ना?" त्या कुंडी खाली ठेवत म्हणाल्या. "ताई, आमच्या बापाच्या मळ्यात द्राक्षं होती. मणी फुगायला वेलीच्या खोडाची साल वाटोळी काढतात, गर्डलिंग म्हणतात त्याला. जरा जास्त झालं की वेल जाते. खोड आवळलं की काय होतं, ते मला लहानपणापासून ठाऊक हाय. मी दर आठ दिवसांनी सुताखाली बोट घालून ते सैल करत होते. पाणी तेवढं तुमचं ऐकून शिंपडलं."

"मग विचारलंत कशाला?"

"बघावं म्हटलं, काय सांगता."

"आणि स्टेजवर माझं नाव घेतलंत ते?"

त्या हसल्या. "नाव घेतलं नसतं, तर तुम्ही पुढच्या साली आणखी काय तरी सांगितलं असतं. तुमचं नाव लागलं आणि झाड वाचलं. आपल्या नावाचं झाड माणूस मारत नाय, ताई."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. इतकी वर्षं मी खिडकीतून तिच्यावर डोळा ठेवला, आणि ती शांतपणे मला ओळखून बसली होती. झाड तिचं, अक्कल तिची, मोठेपणाही तिचाच. माझ्या वाटणीला काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही बाईनं. टेम्पो वळेपर्यंत मी हात हलवत राहिले.

वड आता माझ्या गच्चीत आहे. माझा तो छडीसारखा वड मी एका शाळेच्या आवारात लावून टाकला, तिथे तो दोन माणूस उंच झालाय म्हणे. वटपौर्णिमेला अजून मीच पार्किंगमध्ये स्टूल मांडते. बायका येतात, नव्या सुना येतात, फेरे घालतात. कुणी नवीन बाई विचारते, "हा कुणाचा हो?" तर जुन्या एका सुरात सांगतात, "वहिनींचा वड." मी दोन-तीनदा दुरुस्त करून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

माझं नाव त्याला कधी लागलंच नाही. तरी दर आठ दिवसांनी त्या सुताखाली बोट घालते ती मीच.