उन्हाला न दाखवलेली चकती

आमच्या ह्यांनी उभं आयुष्य दोन वायूंच्या नादी लावलं. एक इथिलीन, दुसरा विषारी कार्बन मोनॉक्साइड. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नवरा नेमकं काय करतो हे माहेरी सांगताना माझी पंचाईत व्हायची. प्रयोगशाळेत त्या दोघांची गाठ घालून प्लास्टिक बनवायचं, आणि तेही उन्हात आपोआप मोडणारं! गाठ घालणारा उत्प्रेरक म्हणजे लग्न जुळवून नामानिराळा राहणारा मध्यस्थ. पण हा मेला त्या विषारी वायूवरच भाळलेला. प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळीत तोच भरमसाट घुसवायचा, की प्लास्टिक साच्यात बसेना. हवा होता तो चवीपुरता: मधूनमधून एखादी कच्ची कडी, ऊन लागलं की तिथे साखळी तुटावी म्हणून.

केस पिकले तेव्हा एकदाची जमली. बशीएवढी, दुधी रंगाची चकती. आता काही महिन्यांत प्रयोगशाळेचं काम तपासायला समिती येणार होती. तिने मान डोलावली तर काम चालू, नाहीतर खोलीला टाळं. चकती गच्चीवर उन्हात टाकायची आणि समितीसमोर मोडून दाखवायची, बस. आमच्या शहाण्यांनी ती काळ्या कापडात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात चादरींखाली ठेवली.

“अहो, हिला ऊन नको का दाखवायला?”

“पहिली आहे गं. खराब होईल. दुसरी करतो, ती ठेवू उन्हात.”

दुसरी झालीच नाही. उत्प्रेरकाला ओल लागली, तो रुसून बसला आणि समिती दारात उभी. अध्यक्षांनी चकती वाकवली, पिळली, टेबलावर आपटली. ती ढिम्म.

“फारच टिकाऊ आहे हो!” ते म्हणाले.

खोलीला टाळं लागलं. ह्यांना कारखान्यात प्लास्टिकच्या बादल्यांच्या कड्या तपासायला बसवलं. मला समितीचा राग आला नाही, ह्यांचा आला. स्वतःच्या हातांनी माती केली!

मी ती चकती सरळ गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमटा लावून टांगली.

“अगं, खराब होईल!”

“त्यासाठीच जन्म घालवलात ना?”

उन्हाळा सरता सरता एका सकाळी अंगठ्याने सहज दाबली, तर भुगा! मला रडूच फुटलं. ह्यांना ओढत गच्चीवर आणलं. म्हटलं, “असेच जा आणि ओता त्या अध्यक्षांच्या टेबलावर.”

हे गुडघ्यांवर बसले. एकेक कण तळहातावर गोळा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “एखादी घट्ट झाकणाची डबी दे गं. उजेड लागायला नको.”