आईचे शब्द, दुसरीचा आवाज

बाईंनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि वर्गाला म्हणाल्या, "आता ऐका, पॉडकास्टमध्ये कसं बोलू नये."

आणि माझी आई बोलायला लागली.

मी नववीत होते. चाकण पट्ट्यातली शाळा. निम्मी मुलं जमीनवाल्यांची, निम्मी कंपनीत खपणाऱ्यांची. घरातल्या कुणाची तरी मुलाखत रेकॉर्ड करून आणायची, असा प्रकल्प होता. आम्ही बीडकडचे, शाळेजवळच्या कुरुळी गावात एका खोलीत राहायचो. आई कंत्राटावर गाड्यांचे सुटे भाग खोक्यात भरायची. मुलाखतीला दोनदा नाही म्हणाली, मग साडी बदलून फोनसमोर बसली.

"आठ घंटे हुभं ऱ्हावं लागतंय. मी पानीच पेत न्हाई. संडासला जायाचं तर सुपरवायजर समद्यांसमोर इचारतो, कितींदा जातीस?"

वर्ग खो खो हसला. बाईंनी तेवढंच पुन्हा लावलं. तीनदा. म्हणाल्या, या लोकांच्या घरात हेच विषय. 'या लोकांच्या' म्हणजे कुणाच्या, ते सगळ्यांना कळलं. आमच्या घरात कुणाचा फोटो आहे, हे बाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं.

मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण लिहिणार. हसले नाही तर ती माझी आई आहे हे उघड होईल, असं वाटलं. जसं काही कुणाला माहीतच नव्हतं.

संध्याकाळी आईनं विचारलं, वाजवलं का. मी म्हटलं, सगळ्यांना आवडलं. ती लगेच शेजारणीला सांगायला गेली.

आठवड्यानं बाईंनी बोलावलं. गोष्ट चांगली आहे म्हणाल्या, शाळेच्या पॉडकास्टवर घेऊ, पण शुद्ध करून. वर्गातल्या, फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या एका गोड आवाजाच्या मुलीला आईचे शब्द वाचायला दिले होते. संडासाचं वाक्य गाळलं होतं. सुपरवायजर प्रेमळ झाला होता. शेवटी आई म्हणत होती, कष्टातच खरा आनंद आहे. मी माइक धरायचा होता.

तिनं वाचायला सुरुवात केली. मी माइक बंद केला.

"माझी आई असं म्हणाली नाही."

"मग काय संडास ऐकवू लोकांना?" बाई म्हणाल्या.

"हो. तेच ऐकवा. नाहीतर तिचं काहीच नाही."

त्या मुलीच्या हातातला कागद घेतला आणि फाडला. प्रकल्पात शून्य मिळालं, महिनाभर मागच्या बाकावर एकटी. माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही. कंपनीत खपणाऱ्यांची मुलंसुद्धा नाही.

घरी आईला सगळं सांगितलं. मी वर्गात हसले होते, तेही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिनं माफ केलं का, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

आता मी कॉलेजात आहे. कंपन्यांच्या गेटबाहेर बायकांना रेकॉर्ड करते. त्यांना विचारून, त्यांच्याच बोलण्यात. एक शब्द बदलत नाही. जरा सभ्य भाषेत घ्या, असं सांगणारे भेटतात. आमच्या बायकांना लघवीची परवानगी मागावी लागते याची ज्यांना लाज नाही, त्यांच्या कानांची काळजी मी करणार नाही.